तीन आठवड्यांत खुबा बदलून परत जाता येईल का?

प्रश्न : ताई, मी एडिसन, न्यू जर्सीत सत्तावीस वर्षं राहते. वय ६१. उजवा खुबा पार झिजलाय. इथल्या ऑर्थोपेडिकने एक्स-रे बघून सांगितलं की हाडाला हाड घासतंय, सांधा बदलण्याशिवाय इलाज नाही. ह्यांच्या नोकरीचा विमा होता तोवर मी चालढकल केली. गेल्या वर्षी हे निवृत्त झाले, त्यांना मेडिकेअर (पासष्टीनंतरचा सरकारी विमा) मिळालं आणि माझा विमा गेला. मी एका छोट्या टॅक्स ऑफिसात अर्धवेळ काम करते, तिथे विमा नाही. हॉस्पिटलने रोखीचा अंदाज ४२,००० डॉलर दिला. पुण्यात धाकटे दीर राहतात. त्यांनी एका एजंटकडून पॅकेज काढलंय : पावणेचार लाख रुपये, त्यात 'इम्पोर्टेड इम्प्लांट आणि रोबोटिक सर्जरी'. १४ डिसेंबरला पुतण्याचं लग्न आहे. बेत असा, की नोव्हेंबरच्या शेवटी यायचं, दोन दिवसांत ऑपरेशन, मग लग्न, आणि २० डिसेंबरला परत. जानेवारीत ऑफिसचा हंगाम सुरू होतो. मला डायबेटिस आहे (एचबीए१सी ८.४). दुखण्यासाठी आयबुप्रोफेन रोज दोन-तीनदा लागते. हे म्हणतात, तिकडे काही बिघडलं तर काय करणार? दीर म्हणतात, लोक सर्रास करून घेतात. मी कुणाचं ऐकू?

उत्तर : पुण्यात येऊन खुबा बदलून घ्यायला माझी हरकत नाही. हरकत आहे ती तुमच्या वेळापत्रकाला. मी बत्तीस वर्षं इथे फिजिओथेरपीचं काम केलं. खुब्याचं ऑपरेशन दीड-दोन तासांत आटपतं. पेशंट आमच्या हाती येतो तो त्यानंतर, आणि पुढचे तीन महिने असतो. तुमच्या बेतात त्या तीन महिन्यांना जागाच नाही. एजंट हो म्हणेल, कदाचित हॉस्पिटलही हो म्हणेल, तरी हे असं करू नका.

आधी विमानाचं बोलते, कारण जिवाशी गाठ तिथे आहे. खुब्याच्या ऑपरेशननंतर पायाच्या खोल शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याची भीती कित्येक आठवडे असते. रक्त पातळ ठेवणारं औषध महिनाभर, बऱ्याचदा ३५ दिवस देतात ते त्यासाठीच. मुंबईहून नेवार्कला थेट विमान मिळालं तरी पंधरा-सोळा तास एका जागी पाय दुमडून बसणं आलं. बहुतेक सर्जन लांबच्या विमानप्रवासाला किमान सहा आठवडे परवानगी देत नाहीत, आणि पुष्कळजण तीन महिने थांबायला सांगतात. तुम्ही साधारण तिसऱ्या आठवड्यात निघणार आहात.

माझ्याकडे एक बाई होत्या, त्यांची मुलगी टोरांटोला. ऑपरेशन उत्तम झालेलं, चालणं छान. तिकीट बदलायला पैसे पडत होते म्हणून सतराव्या दिवशी निघाल्या. आदल्या संध्याकाळी मी त्यांची पोटरी दाबून पाहिली. मऊ होती, दुखत नव्हती. मी 'जा' म्हटलं नाही, पण अडवलंही नाही. तिकडे उतरल्यावर पाय मांडीपर्यंत सुजला, दुसऱ्या दिवशी दम लागायला लागला. गुठळी फुप्फुसापर्यंत गेली होती. अकरा दिवस दवाखान्यात काढून त्या वाचल्या. प्रवासाच्या विम्याने पैसे नाकारले, कारण ठरवून केलेल्या ऑपरेशनचे परिणाम त्यात बसत नव्हते. ती मऊ पोटरी मला अजून आठवते. तेव्हापासून मी प्रत्येकाला अडवते, तसं तुम्हाला अडवते आहे.

दुसरी गोष्ट तुमच्या साखरेची. ८.४ हा आकडा मागच्या तीन महिन्यांची सरासरी सांगतो, म्हणजे तो खाली यायलाही दोन-तीन महिने लागतात. साखर चढी असताना कृत्रिम सांधा बसवला तर जंतुसंसर्गाची शक्यता वाढते, म्हणून बरेच सर्जन हा आकडा साडेसात-आठच्या आत आल्याशिवाय तारीख देत नाहीत. एरवी शंभरात एक-दोन जणांना असा संसर्ग होतो. ऐकायला कमी वाटतं, पण ज्याला होतो त्याला कधीकधी बसवलेला सांधा काढून, आठवडेच्या आठवडे अँटिबायोटिक घेऊन, पुन्हा नवा बसवावा लागतो. जो सर्जन ८.४ बघूनही नोव्हेंबरची तारीख देईल, त्याच्याकडे जाऊ नका. दातांची कामं आधी उरकून घ्या. टाचांना भेगा असतील, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या असतील, तर त्याही बऱ्या करून घ्या. लोक याला किरकोळ समजतात. पण तोंडातले आणि कातडीवरचे जंतू रक्तातून नव्या सांध्यापर्यंत पोचतात.

मग करायचं काय? तुमच्याच पत्रात उत्तर आहे. टॅक्स ऑफिसचा हंगाम १५ एप्रिलला संपतो. डिसेंबरला लग्नासाठी या, लग्नच करा, आणि त्या मुक्कामात दोन सर्जनना समोरासमोर भेटा. दिरांचं घर ऑपरेशननंतर राहण्याच्या दृष्टीने बघून घ्या. परत जा, हंगाम करा. एप्रिलअखेर ऑपरेशन, जुलैअखेर परत. साखर आटोक्यात आणायला तुम्हाला सहा महिने मिळतात, आणि न्यू जर्सीत विमा घ्यायचा की नाही हेही तोवर ठरवता येतं. आजवर कुणी तो पर्याय तुमच्यापुढे नीट मांडलेला दिसत नाही, म्हणून तो सविस्तर सांगते.

आता आधीचा आजार आहे म्हणून अमेरिकेत मार्केटप्लेसचा, म्हणजे स्वतः विमा घेणाऱ्यांसाठीच्या सरकारी बाजाराचा, विमा कुणाला नाकारता येत नाही, की खुब्यासाठी थांबवून ठेवता येत नाही. तुमच्या ह्यांचा विमा संपला तेव्हा साठ दिवसांची खास मुदत होती, ती तुमची हुकली. पण न्यू जर्सीचं स्वतःचं 'गेट कव्हर्ड एनजे' हे मार्केटप्लेस आहे आणि त्याची नोंदणी दर वर्षी १ नोव्हेंबरला सुरू होते. शेवटची तारीख त्या वर्षीची बघून घ्या. तुमच्या वयाला हप्ता जबर पडतो, सबसिडी उत्पन्नावर ठरते. मात्र वर्षाला तुमच्या खिशातून जास्तीत जास्त किती जाऊ शकतं याला मर्यादा असते. २०२५ साली ती एका माणसासाठी ९,२०० डॉलर होती, आणि ती दर वर्षी बदलते. सर्जन आणि हॉस्पिटल दोन्ही त्या विम्याच्या नेटवर्कमधले हवेत, ही अट. समजा महिन्याला १,००० डॉलर हप्ता धरला, तर वर्षाचे १२,००० आणि वर ९,२००, म्हणजे २१,२०० डॉलर. ४२,००० च्या निम्मे. शिवाय वर्षभर बाकीच्या आजारपणालाही आधार. न्यू जर्सीत २०१९ पासून विमा न घेणाऱ्याला राज्याच्या टॅक्समध्ये दंडही भरावा लागतो. टॅक्स ऑफिसात काम करता, तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.

विमा घ्यायचा नसेल तरी ४२,००० हा आकडा देवाने लिहून दिलेला नाही. २०२२ पासून विमा नसलेल्या पेशंटला आधी लेखी अंदाज देणं तिकडे कायद्याने बंधनकारक आहे, आणि बिल त्याहून ४०० डॉलरने किंवा जास्त वाढलं तर तक्रार करता येते. हा लेखी कागद मागून घ्या. आणखी दोन हॉस्पिटलांकडून आणि ऑर्थोपेडिक सर्जरी सेंटरांकडून घ्या. ओक्लाहोमातलं एक सर्जरी सेंटर तर रोखीचे सगळे दर वेबसाइटवर उघड लावतं, त्यावरून खरा खर्च किती येतो याचा अंदाज येईल. उत्पन्न कमी असेल तर न्यू जर्सीतल्या हॉस्पिटलांमधल्या 'चॅरिटी केअर'चा, म्हणजे मोफत किंवा सवलतीच्या उपचाराचा, अर्ज विचारा. त्यात उत्पन्नाबरोबर शिल्लकही बघतात. आपल्या माणसांना असा अर्ज भरायला लाज वाटते. वाटू देऊ नका.

आता पुण्याचा हिशेब. डॉलरला ८५ रुपये धरले तर पावणेचार लाखांचे ४,४०० डॉलर होतात, आणि दिरांनी तुम्हाला हाच आकडा सांगितलेला दिसतो. पण पॅकेज म्हणजे पूर्ण बिल नव्हे. आत काय नाही हे वाचा : ठरलेल्या दिवसांपेक्षा जास्त मुक्काम, आयसीयूची रात्र, रक्त, बाहेरून मागवलेली औषधं, फिजिओ, मधुमेहाच्या डॉक्टरांच्या फेऱ्या. आणि एक गोष्ट बाहेरून येणाऱ्यांना माहीत नसते. आपल्याकडे खोलीच्या वर्गावर बाकीचे दर ठरतात. तोच सर्जन, तेच ऑपरेशन थिएटर, पण तुम्ही डीलक्स खोली घेतली की सर्जनची, भूलतज्ज्ञाची फीदेखील चढते. ट्विन शेअरिंगची खोली घ्या. सोबतीला माणूस असला की पुरते. गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर सरकारने २०१७ च्या ऑगस्टमध्ये मर्यादा घातली, ते दिरांनी ऐकलं असेल. ती गुडघ्यासाठी होती, खुब्यासाठी नव्हे. खुब्याच्या इम्प्लांटची किंमत म्हणूनच वेगळी, कंपनी आणि मॉडेलसकट लिहून घ्यायची.

मी तुमच्या जागी साडेपाच लाखांची तयारी ठेवेन. त्यात दोघांची तिकिटं, दीड महिना दिवसरात्रीची बाई, घरी येणारा फिजिओ, भाड्याची साधनं मिळवली की साडेदहा हजार डॉलरच्या आसपास जातं. तीन महिन्यांचा बुडालेला पगार त्यात घाला. पुणं तरीही स्वस्तच पडेल, पण तुम्ही समजता तसा दहापट फरक राहत नाही. न्यू जर्सीत आजारपणाच्या काळासाठी राज्याचा टेम्पररी डिसॅबिलिटी इन्शुरन्स आहे, अर्धवेळ काम करणाऱ्यालाही कमाईच्या अटीत बसल्यास मिळतो. ऑपरेशन भारतात असेल तर कागद कसे लागतील, हे निघण्याआधी त्यांच्याकडून लेखी विचारून घ्या. ह्यांचं जुनं एचएसए (आजारपणाच्या खर्चासाठीचं बचत) खातं शिल्लक असेल तर त्यातले पैसे परदेशातल्या उपचारालाही वापरता येतात. मेडिकेअरची मात्र वाट बघण्यात अर्थ नाही. ती तुम्हाला ६५ व्या वर्षी मिळेल, आणि परदेशातल्या ऑपरेशनला ती जवळपास कधीच पैसे देत नाही. रात्री दुखण्याने जाग येते, मोजा स्वतःचा स्वतःला घालता येत नाही, अशी वेळ आली असेल तर चार वर्षं असं काढायला मी कुणालाच सांगणार नाही. इथे मेडिक्लेम काढून त्यातून करू, असं कुणी सुचवलं तर तेही सोडून द्या. झिजेमुळे बदललेल्या सांध्याला त्यात बहुधा दोन-तीन वर्षांची वाट असते.

एजंटबद्दल स्पष्ट बोलते. त्याला हॉस्पिटलकडून पैसे मिळतात, आणि ते अखेर तुमच्याच बिलातून जातात. पेशंट पाठवण्याबद्दल डॉक्टरने कमिशन देणं-घेणं वैद्यकीय नीतिनियमांत निषिद्ध आहे. तरी कट प्रॅक्टिस हा शब्द पुण्यात पोरालाही कळतो. दिरांचा हेतू चांगला आहे, त्यांना दुखवू नका. पण एजंटला एक रुपयाही आगाऊ न देता त्यांनी स्वतः हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरला जावं आणि स्थानिक पेशंटचा दर विचारावा. बाहेरच्या पेशंटसाठीच्या विभागाचा दर वेगळा असू शकतो. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांचं) असेल तर व्हिसाचा प्रश्न नाही. नसेल आणि ई-मेडिकल व्हिसावर येणार असाल, तर तो साठ दिवसांचा असतो हे लक्षात ठेवा. तीन महिन्यांसाठी मुदतवाढ घ्यावी लागेल.

सर्जनला काय विचारायचं? पहिला प्रश्न हा विचारा : वर्षाला खुबे किती बदलता? गुडघे नव्हे, खुबे. आपल्याकडे गुडघ्यांची ऑपरेशनं खुब्यांच्या कितीतरी पट होतात. 'हजारो सांधे बदलले' असं ऐकाल, त्यात खुबे किती ते वेगळं विचारल्याशिवाय कळत नाही. मग विचारा की सांधा पुढून बदलता, बाजूने की मागून, कारण नंतर कसं बसायचं-वळायचं याची बंधनं त्यावर ठरतात. संसर्गाचं प्रमाण किती, नाकातल्या जंतूंची तपासणी ऑपरेशनआधी करता का. आणि तुम्ही परत गेल्यावर तिथल्या डॉक्टरांशी बोलणार का. चिडून उत्तर देणाऱ्याकडून उठून या. रोबोटसाठी जादा पैसे मोजावेत असं मला वाटत नाही. हॉस्पिटलची एनएबीएच (हॉस्पिटलांचा दर्जा तपासणारी संस्था) मान्यता त्यांच्या फलकावरून न मानता एनएबीएचच्या वेबसाइटवर तपासा. डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तपासता येते.

'इम्पोर्टेड' या शब्दाला इम्प्लांटच्या बाबतीत काही अर्थ नाही. कुठला? ब्रिटनमध्ये ओडेप नावाची समिती आहे, ती खुब्याच्या इम्प्लांटना किती वर्षांचा पुरावा आहे त्यावर गुण देते. दहा ए, पंधरा ए, आणि त्यापुढे तारा. तुमच्या इम्प्लांटचं नाव घेऊन हा गुण विचारा. चांगला इम्प्लांट नीट बसवला तर पुष्कळ टिकतो. २०१९ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या अभ्यासात शंभरातले ५८ खुबे पंचवीस वर्षांनंतरही टिकलेले दिसले. तुमच्या ६१ व्या वर्षी हे महत्त्वाचं आहे.

आणि इम्पोर्टेडवर भुलायचं का नाही, त्याचं एक उदाहरण सांगते. डिप्यू कंपनीचा एएसआर हा धातूवर धातू घासणारा खुबा २०१० च्या ऑगस्टमध्ये जगभरातून परत मागवला गेला. तोवर सुमारे ९३,००० बसवून झाले होते. घासून धातूचे कण आणि आयन आजूबाजूच्या स्नायूंत आणि रक्तात उतरत होते. भारतात असे सुमारे ४,७०० बसवलेले. नंतर भरपाईची वेळ आली तेव्हा त्यांतल्या साडेतीन हजारांहून जास्त पेशंटचा पत्ताच लागला नाही. कुणाला आपल्या अंगात काय बसवलंय हे माहीत नव्हतं, कुणाचे कागद हरवलेले.

म्हणून ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी नर्सला सांगून एक गोष्ट बघा. इम्प्लांटच्या खोक्यांतून छोटे चिकट स्टिकर निघतात. गोळ्याचा वेगळा, उखळीचा वेगळा, मांडीच्या हाडातल्या दांड्याचा वेगळा. प्रत्येकावर कंपनी, आरईएफ नंबर, लॉट नंबर, माप असतं. ते फाइलच्या पानावर लावतात, आणि ती फाइल हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये जाते. तुम्हाला मिळतं डिस्चार्ज कार्ड, त्यावर नुसतं 'टोटल हिप रिप्लेसमेंट, उजवा'. त्या पानाचा स्पष्ट फोटो काढा, ह्यांना आणि मुलांना पाठवा. पूर्ण केसपेपरची प्रत मागा. मागितल्यावर ७२ तासांत देणं डॉक्टरांना बंधनकारक आहे. ऑपरेशन नोट्स, आधीचे-नंतरचे एक्स-रे, रक्ताचे रिपोर्ट, सगळं पेन ड्राइव्हवर घ्या. एडिसनला कधी गरज पडली तर तिथला सर्जन पहिल्यांदा हेच मागेल. याशिवाय तो हात लावायला कचरतो.

तुमच्या ह्यांचा प्रश्न इथेच येतो. बिघडलं तर काय? इथे असताना बिघडलं तर ज्याने ऑपरेशन केलं तोच बघतो, आणि लवकर दिसणारे बिघाड बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत दिसतात. इतके दिवस इथे राहायला सांगते त्याचं हेही एक कारण. ताप, जखमेतून पाणी, पोटरी दुखणं, अचानक दम, पाय आखूड वाटणं, यातलं काहीही झालं की त्याच दिवशी दाखवायचं. तिकडे गेल्यावर बघेल असा ऑर्थोपेडिक आणि नेहमीचा डॉक्टर निघण्याआधीच ठरवून ठेवा. 'भारतात करून येतेय, नंतरचे एक्स-रे इथे बघाल का, फी किती' असं सरळ विचारा. काही नाही म्हणतील, एखादा हो म्हणेल. निष्काळजीपणाच झाला तर १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे. पण एडिसनहून पुण्यात खटला चालवणं अवघड, त्यावर विसंबून येऊ नका.

आता घराचं, हे माझं खरं क्षेत्र. एक पेशंट होत्या, कोथरूडच्या. तिसऱ्या दिवशी घरी गेल्या. मागून ऑपरेशन केलेलं, कमरेत नव्वद अंशांपेक्षा जास्त वाकायचं नाही, पाय आत वळवायचा नाही, हे शिकवलेलं. घरात त्यांचा आवडता दिवाण, बारा-तेरा इंच उंच. नवव्या दिवशी दुपारी दाराची बेल वाजली. त्या त्याच दिवाणावर टेकल्या होत्या. हात गादीवर रोवून पुढे झुकल्या, उठता उठता उजवा गुडघा आत गेला. त्यांनीच सांगितलं, 'पायातून लाकूड मोडल्यासारखा आवाज आला.' सांधा उखळीतून निसटला होता. पुन्हा भूल, पुन्हा बसवणं. दारात इस्त्रीवाला होता.

आपली घरं जमिनीला धरून असतात. दिवाण, पाट, मोरी, देवघरासमोर मांडी घालून बसणं, खाली वाकून झाडूचा कचरा भरणं. पहिले दीड-दोन महिने यातलं काही नाही. बसताना गुडघे खुब्यापेक्षा खाली राहतील अशीच उंची हवी. दोन्ही बाजूंना हात असलेली टणक खुर्ची, उंच केलेला पलंग, कमोडवर चार इंचांची उंच बैठक, न्हाणीत धरायला दांडी आणि स्टूल, फरशीवरचे पायपुसणे आणि सतरंज्या उचललेल्या. दिरांचं घर वरच्या मजल्यावर आणि लिफ्ट नसेल तर पहिला महिना जवळपास तळमजल्याचं घर भाड्याने घ्या. मे-जूनमध्ये पुण्यात पावसाची पहिली सर आली की जिने आणि गॅलऱ्या निसरड्या होतात, तेव्हा वॉकर घेऊन बाहेर पडायचं नाही. मांडी घालून बसायचा प्रश्न नंतर सर्जनशी बोला. काहीजणांना पुढे मुभा मिळते, पण आत्ता त्या आशेवर राहू नका.

एप्रिलपर्यंतचे दिवस कसे काढायचे? काठी आजच घ्या आणि डाव्या हातात धरा. दुखऱ्या खुब्याच्या विरुद्ध हातात. पुष्कळजण दुखऱ्या बाजूला धरतात आणि उपयोग होत नाही म्हणून टाकून देतात. उंची अशी, की हात खाली सोडल्यावर मूठ मनगटाच्या रेषेत येईल. मधुमेह असताना आयबुप्रोफेन रोज दोन-तीनदा हे मूत्रपिंडाला झेपणारं नाही. या आठवड्यातच क्रिएटिनिन तपासून घ्या आणि त्या गोळीऐवजी काय घ्यायचं ते डॉक्टरांना विचारा. कुणी खुब्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन सुचवलं तर ते घेतल्यावर पुढे तीन महिने ऑपरेशन टाळतात, म्हणजे घ्यायचं तर जानेवारीच्या मध्यापूर्वी. त्याने साखरही काही दिवस चढते. मांडीचे आणि कुल्ल्याचे स्नायू जितके मजबूत घेऊन याल तितकं नंतर चालणं सोपं. पाठीवर पडून, गुडघ्याखाली उशी घेऊन टाच उचलायची, कुल्ले आवळून दहापर्यंत मोजायचं. दुखेल इतकं नाही, पण रोज.

लग्नाला मात्र नक्की या. पुढच्या रांगेत हात असलेली खुर्ची मागून घ्या, अक्षता बसूनच टाका. कुणी काठीबद्दल विचारलं तर सांगा, उन्हाळ्यात बदलणार आहे.

आणि ह्यांना सोबत आणाच, पूर्ण तीन महिने. रात्रीची बाई मिळते, पण पहाटे तीनला घाबरायला झालं की आपलं माणूस लागतं. त्यांची भीती रास्त आहे, त्यांना काम द्या. गोळ्यांच्या वेळा, साखरेची नोंद आणि फाइल त्यांच्याकडे. मोजा चढवायचं साधन आणि लांब दांडीचं शूहॉर्न तिकडून घेऊन या. दिरांना आजच फोन करून सांगा, कमोडची उंची जमिनीपासून बैठकीपर्यंत इंचांत मोजून तुम्हाला कळवायची. पलंगाचीही.